डाव्या कोपऱ्याखालचा फोम

माशांची टाकी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक माशांबद्दल दहा प्रश्न विचारतं आणि टाकीबद्दल एकच. यवतमाळला आल्यापासून तो एक प्रश्न मी रोज ऐकतो आहे. "हे खाली पांढरं कायले टाकता?"

पांढरं म्हणजे फोम. टीव्ही, फ्रिज खोक्यातून येतात तेव्हा त्यांच्याभोवती जे असतं त्याचाच भाऊ, पण घट्ट आणि एकसारख्या जाडीचा. आमच्या कामाला बोटभर जाड लागतो. टाकी बसली की त्याची फक्त कड दिसते. ती घरात कुणालाच आवडत नाही, म्हणून बरेच जण तिच्यावर काळी पट्टी चिकटवून घेतात. ज्या वस्तूच्या भरवशावर मी इतकी वर्षं टाक्या बसवल्या, ती दिसू नये म्हणून लोक मलाच पट्टी लावायला सांगतात. मी लावून देतो.

सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीत साधारण सहाशे लिटर पाणी बसतं. म्हणजे सहाशे किलो. काच सव्वाशे किलो. वर वाळू आणि दगड. हे सगळं तळाच्या एका काचेवर आणि ती काच स्टँडवरच्या फळीवर. फळी आपल्या हाताला गुळगुळीत लागते, काचेला लागत नाही. वाळूचा एक कण, खिळ्याचं जरा वर आलेलं डोकं, वेल्डिंगचा एखादा थेंब तिला पुरतो. लाकूड दबतं, लोखंड वाकतं. काच यातलं काही करत नाही, ती एकदाच काय ते करते. मधे फोम असला की तो कण फोमात रुततो आणि काचेपर्यंत बातमी जात नाही.

फोमचं काम इथे संपतं. हे मला देविदासभाऊंनी शिकवलं.

देविदासभाऊ राठोड माझे मालक. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत त्यांची शेड आहे, तिथे आम्ही टाक्या बनवतो. भाऊ बंजारा, तांड्यावरचे. "आमच्या पणज्यानं बैलाच्या पाठीवर मीठ वाह्यलं, मी टेंपोत पाणी वाह्यतो," असं ते नव्या गिऱ्हाइकाला सांगतात. "धंदा तोच हाये, बैल बदलला."

मी कोकणातला. शाळा आठवीत सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, पण शाळेनेही फार ओढून धरलं नाही. खिडक्यांच्या काचा बसवणाऱ्या एका ठेकेदाराबरोबर यवतमाळला एका इमारतीच्या कामाला आलो. इमारत पूर्ण झाली, ठेकेदार पुढच्या गावाला गेला, मी राहिलो. काच कापता येते म्हणून कुणीतरी मला भाऊंच्या शेडवर आणून सोडलं.

"मासे कळतात का?" भाऊंनी विचारलं.

"खाता येतात."

"ते इथं कोणाले सांगजो नको," भाऊ म्हणाले, आणि मी कामाला लागलो. त्या दिवसापासून ते मला कधी 'भिया' म्हणतात, म्हणजे त्यांच्या बोलीत भाऊ, आणि कधी 'कोकणी'. कोकणी म्हटलं की काहीतरी चुकलेलं असतं. आईला फोनवर नवं काम सांगितलं तेव्हा तिने आधी मासे कोणते ते विचारून घेतलं. मग म्हणाली, "खाऊचे नाय तर पाळूचे कित्याक?" न खायचे मासे कुणी पाळतं, हे तिला अजून पटत नाही.

मी स्वभावाने भित्रा आहे. कुलूप तीनदा ओढून बघतो. चालत्या टेंपोत काच खुळखुळली की माझे दात वाजतात. आमच्या धंद्यात याला काळजी म्हणतात आणि गिऱ्हाईक त्यावर खूश असतं.

पहिल्याच आठवड्यात भाऊंनी एक नियम सांगितला. "फोम म्हणजे गादी हाये, जॅक नाई. स्टँड तिरपा असन तर स्टँड सुधर. खाली बोल्ट देल्ले हायेत, ते फिरव. फोमचे तुकडे घालून लेवल करशीन, तर या शेडमधी पाय ठेवू देणार नाई."

मी मान हलवली. नियम सोपा होता.

तो सगळ्यांना सोपा वाटत नाही. महागावला एक जिनिंगवाले शेठजी होते. त्यांनी फोम हातात घेतला, दाबला आणि परत दिला. "कापसाच्या गावात हे फुसकं कायले? मी देतो ना." त्यांनी स्वतःच्या जिनिंगमधली चांगल्यातली चांगली रुई भरून टाकीच्या मापाची गादी शिवून घेतली. शिवणही सुरेख होती, कडेने निळी किनार. मी नको म्हणालो, पण मी कोण? टाकी गादीवर ठेवली, पाणी भरलं. रुई जिथे कमी होती तिथे टाकी बसली आणि जिथे जास्त होती तिथे उठून राहिली. आठ दिवसांत ती किनाऱ्याला लावलेल्या होडीसारखी कलली. त्यात गादीने कुठूनतरी पाणी ओढलं. शेठजींचा फोन आला. "तुमच्या टाकीले वास येऊन राह्यला." आम्ही टाकी उतरवली तेव्हा गादीला बुरशी आली होती. शेठजींना टाकीचं काही वाटलं नाही. "एवढी भारी रुई थर्माकोलापेक्षा वाईट कशी?" हे मात्र ते आजही विचारतात.

यवतमाळातल्या एका साहेबांनी उलटं केलं. त्यांची टाकी बाहेरून आणलेली, तिला खालून प्लास्टिकची चौकट. अशा टाकीची तळाची काच चौकटीत अधांतरी असते, तिच्याखाली फोम घालायचा नसतो. चौकट फोमात रुतते आणि मधला फोम काचेला खालून ढकलतो. साहेबांनी आमच्याकडून फोम मागून नेला, आपल्या हाताने घातला, प्रेमाने. तिसऱ्या दिवशी तळाला आडवी चीर. तेव्हापासून कुणी नुसता फोम मागितला की मी टाकीचा फोटो आधी मागतो.

या दोन्ही गोष्टी मी गिऱ्हाइकांना हसत सांगतो. तिसरी सांगत नाही. ती बोरी अरबची आहे.

बोरी अरबला एक नाझरकाका राहतात. तहसील कचेरीत नाझर होते, रोकड आणि फाइली सांभाळायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गाव अजून त्यांना नाझरच म्हणतं. त्यांच्या पत्नीला, काकूंना, अर्धांगाचा झटका येऊन डावी बाजू गेली होती. बोलणं एकदोन शब्दांवर आलं होतं आणि मान डाव्या खांद्याकडे कलून राहायची. दिवसभर त्या समोरच्या खोलीत हातांच्या खुर्चीत बसायच्या. खुर्चीतून पलंगावर न्यायला दोन माणसं लागत.

"टीव्हीवर सारे भांडतात, ते पाहून घरवाली थकते," नाझरकाकांनी शेडवर येऊन सांगितलं. "मासे भांडत नाईत."

मासेही भांडतात, असं मी सांगितलं.

"मंग न भांडणारे टाका."

सहा फुटी टाकी ठरली, अकरा गोल्डफिश ठरले. नाझरकाकांनी प्रत्येक गोष्टीची यादी केली. थर्माकोलवर बंदी आहे ना, मग हा फोम त्यात येतो की नाही, हेही विचारून घेतलं. टाकी बसवायच्या दिवशी भाऊंना तांड्यावर लग्नाला जायचं होतं. "तू जाय, भिया. आता तुले सारं येते," असं म्हणून त्यांनी माझी पहिली मोठी टाकी माझ्या एकट्यावर सोपवली. इतका विश्वास घरच्यांनीसुद्धा माझ्यावर टाकला नव्हता. रात्री मी हत्यारांची पिशवी तीनदा तपासली.

मे महिना. टाकी उचलायला बाजारातले सहा हमाल आणले होते, सोयाबीनची पोती वाहणारे. टेंपोवाल्याला दुसरं भाडं होतं. नाझरकाका खुर्ची टाकून बघत होते, काकू त्यांच्या खुर्चीत होत्या. मी स्टँड ठेवला, वर फळी, तिच्यावर फोम, आणि पाणसळ लावली. पाणसळ म्हणजे बुडबुडा असलेली पट्टी, गवंड्याकडे असते ती. बुडबुडा उजवीकडे सरकला. समोरचा डावा कोपरा खाली होता. स्टँडच्या प्रत्येक पायाला उंची कमीजास्त करायचा बोल्ट असतो. डाव्या पायाचा फिरेना. वेल्डिंगचा थेंब आट्यांत अडकला होता.

"काय झालं?" नाझरकाका म्हणाले.

"काही नाही."

या दोन शब्दांवर पुढचे तीन महिने गेले.

बोल्ट फिरत नाही असं म्हणायला मला काय हरकत होती, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. हमालांनी टाकी खांद्यावर घ्यायची तयारी केली होती. टेंपोवाला हॉर्न वाजवत होता. स्टँड आमच्याच शेडचा, म्हणजे चूक भाऊंची, आणि ती मी सांगायची. मला वाटलं, सगळे माझ्याकडेच बघताहेत. बघत होतेच, दुसरं बघायला काय होतं?

कापताना उरलेला फोमचा एक तुकडा पिशवीत होता. तो मी डाव्या कोपऱ्यात मोठ्या फोमखाली सारला, ब्लेडने कड सारखी केली. बुडबुडा मधोमध आला. हमालांनी टाकी ठेवली आणि गेले.

नियम असा आहे की रिकामी टाकी एकदा मोजायची, चार बोटं पाणी घालून पुन्हा मोजायची, आणि पूर्ण भरल्यावर तिसऱ्यांदा. काठापासून पाणी चारही कोपऱ्यांत सारख्या अंतरावर पाहिजे. मी दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा मोजलं नाही. मोजलं असतं तर कळलं असतं.

पाणी भरलं, मासे सोडले. नाझरकाकांनी कोरा कागद पुढे केला. "लेखी द्या."

"काय?"

"टाकी बरोबर बसली म्हणून. 'सपाट' नको लिहू, 'समपातळीत' लिव." त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं. 'टाकी चारही कोपऱ्यांस समपातळीत आहे.' खाली सही केली. आठवीतून सुटलेल्या माणसाकडे असा कागद कुणी मागत नाही. मला भीतीही वाटली आणि, खरं सांगतो, छातीही जरा फुगली. काकांनी कागदाला भोकं पाडून तो फाइलला लावला.

मी पिशवी भरत होतो तेव्हा काकू पहिल्यांदा बोलल्या.

"तिरपं."

"काय तिरपं?" नाझरकाकांनी विचारलं.

त्यांनी उजव्या हाताने टाकीकडे दाखवलं. "पाणी."

"तिची मान तशी झाली ना," काका मला म्हणाले. "तिले सारंच तिरपं दिसते. कॅलेंडर बी."

मी चप्पल घातली.

फोमच्या दोन थरांवर सहाशे किलो आलं की काय होतं ते पुस्तकात बघायची गरज नाही. वरचा थर थोडा दबतो, खालचा तुकडा जास्त. कोपरा पुन्हा खाली जातो. तुकडा जिथे संपतो तिथे तळाखाली पोकळी राहते, आणि काचेला पीळ बसतो. टाकी नुसती तिरपी असली तर वर्षानुवर्षं उभी राहील. पिळलेली टाकी उभी राहते, पण किती दिवस ते सांगत नाही. आणि समोरच्या काचेपासून दोन हातांवर काकूंची खुर्ची होती. त्यांना उठता येत नव्हतं.

मी दर आठ दिवसांनी नाझरकाकांना फोन करायचो. मासे कसे आहेत? पाणी कसं आहे? काकू कशा आहेत? काकांनी भाऊंना सांगितलं, "तुमच्या कोकण्यासारखा काळजीचा माणूस म्या पाह्यला नाई." भाऊंनी ते शेडमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. मी काच पुसत राहिलो.

पावसाळ्यात काकांचाच फोन आला. डाव्या कोपऱ्यात पाणी काठाच्या जास्त जवळ दिसतं आहे. भाऊंनी फोन स्पीकरवर टाकला होता. "काळी माती हाये, नाझरसाहेब," ते म्हणाले. "पावसात फुगते. घरं हालतात, टाकीचं काय घेऊन बसले?"

हे खरं आहे. आमच्याकडे कोकणात खाली जांभा, घर बांधलं तिथेच राहतं. इकडची काळी माती उन्हाळ्यात इतकी फाटते की भेगेत चप्पल जाते, आणि पावसात फुगून वर येते. दारं श्रावणात बसत नाहीत, दिवाळीला आपोआप बसतात. फरश्या उचलतात. कुणी कुणाला दोष देत नाही, माती म्हणतात आणि सोडून देतात. फोनवर माती हा शब्द ऐकला तेव्हा माझ्या अंगात जीव आला. जिल्हाभरच्या मातीने माझी चूक अंगावर घेतली होती.

मी बोरी अरबला गेलो. मोजलं. साडेसहा मिलिमीटर. (हा मजकूर नाझरकाकांनी वाचला आहे. मी सहा लिहिलं होतं, साडेसहा त्यांनी केलं.) मग खाली बसून सांधा पाहिला. दोन काचा जिथे काळ्या सिलिकॉनने जोडलेल्या असतात, तिथे डाव्या कोपऱ्यात एक पांढरट रेघ होती, करंगळीच्या नखाएवढी. सिलिकॉन काच सोडायला लागलं की अशी रेघ येते.

"तिरपं," काकू म्हणाल्या.

"पावसामुळे, काकू," मी म्हणालो. "माती फुगली."

काकांनी एका वहीत लिहिलं, 'कारण: माती', आणि चहा सांगितला. मी चहा प्यायलो. पुढच्या आठवड्यात माणसं घेऊन येतो म्हणालो आणि यवतमाळची बस धरली.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. खिडकीची काच सैल होती, ती सगळा वेळ वाजत होती. दुसरा थांबा गेला. पुढची काच सुटली तर पाणी आधी येईल की काच आधी, याचा मी विचार करत होतो. दोन्ही एकदम येतात, हे मला माहीत होतं. तिसऱ्या थांब्यावर मी उतरलो आणि समोरून येणाऱ्या जीपने परत गेलो.

"काय विसरलं?" नाझरकाका दारात होते.

"आधी काकूंची खुर्ची मागे घ्या."

"कायले?"

"घ्या ना काका."

आम्ही दोघांनी खुर्ची धरली. काकूंनी उजव्या हाताने टाकीच्या स्टँडचा पाय पकडला. "नाई." त्या हातात बरंच बळ होतं. मग मी त्यांच्या आणि काचेच्या मधे उकिडवा बसलो. मानेला काचेचा गारवा लागत होता.

"काकू, पाणी तिरपं आहे. पहिल्या दिवसापासून आहे. मातीचा काही संबंध नाही. मी कोपऱ्याखाली फोमचा तुकडा घातला आणि कुणाला सांगितलं नाही. तुमच्या मानेचाही काही संबंध नाही."

काकूंनी स्टँड सोडला.

नाझरकाकांनी खुर्ची सोडली. कपाटातून ती वही घेऊन आले, चष्मा लावला आणि कचेरीत वाचतात तशा आवाजात वाचू लागले. "दिवस चौथा. समोरचा डावा कोपरा, फरक दोन मिमी. दिवस आठवा, साडेतीन. दिवस विसावा, पाच." मग चष्मा काढला. "मे महिन्यात माती फुगत नाई, हे मलेही समजते."

"तुम्ही मोजत होता?"

"हे रोज म्हणे तिरपं, तिरपं. म्हटलं, मोजून दाखवतो हिले. तं मोजलं तर फरक निघाला. मले वाटलं, पट्टी खराब हाये. नवी पट्टी आणली."

"मग?"

"ते बी खराब निघाली."

"मग मी फोन करायचो तेव्हा का नाही सांगितलं, काका?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी विचित्र विचारलं होतं. "तुह्यं लेखी होतं ना." चष्मा खिशात ठेवत ते म्हणाले, "फाइल काढून हिले दाखवे मी. पाह्य, म्हणे मी, सही हाये. तुही मान तिरपी हाये, पाणी नाई."

माझ्या सहीचा उपयोग कशाला झाला ते मला तेव्हा कळलं.

काकू टाकीकडे बघत होत्या. "तीन महिने," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते सांगता येत नाही. आम्ही दोघांनीही मान खाली घातली.

भाऊंना मी अंगणातून फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडे काच कापायच्या चाकाचा आवाज चालू होता, तो बंद झाला.

"कोणता कोपरा?"

"समोरचा डावा."

"पाणी काढाले लाग, कोकणी. मी आलो."

सहाशे लिटर पाणी पाइपने काढायला दोन तास लागले. ते अंगणातल्या सीताफळाला गेलं. मासे मी जाळीने पिंपात टाकत होतो, काकू खुर्चीतून मोजत होत्या. खुर्ची आता मागे घेऊ दिली होती.

"झाले सगळे," मी म्हणालो.

"दहा," काकू म्हणाल्या.

मी पिंपात पाहिलं. मासे हलत होते, मोजता येईनात. नाझरकाका म्हणाले, "अकराच असतीन." मग त्यांचं त्यांनाच काहीतरी वाटलं आणि ते उठून टाकीपाशी गेले. फिल्टरच्या मागे एक होता.

भाऊ टेंपो आणि माणसं घेऊन आले. टाकी उचलली, मोठा फोम काढला, खालचा तुकडा निघाला. एका बाजूने तो पापडासारखा झाला होता. भाऊंनी तो वर धरला. "हा कोणाचा?"

"माझा."

"जॅक केला तू याचा." एवढंच म्हणाले. मग त्यांनी त्या अडलेल्या बोल्टवर रॉकेल सोडलं, पान्ह्याला पाइप लावला आणि दाबला. बोल्ट किरकिरला आणि फिरला. पाच मिनिटांचं काम होतं.

तो तुकडा फेकायला मी उचलला तर काकूंनी हात पुढे केला. मी दिला. त्यांनी तो खुर्चीच्या हातावर ठेवला आणि डावा कोपर त्याच्यावर टेकवून घेतला. माझ्या माहितीत त्या तुकड्याचा तेवढाच बरोबर उपयोग झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडच्या बाहेर उभा राहिलो. भाऊ आतून म्हणाले, "उभा काय राह्यला?"

"पाय ठेवू देणार नाही म्हणाला होतात."

भाऊंनी विचार केला. "मंग चप्पल काढून ये."

तेव्हापासून मी शेडमध्ये अनवाणी जातो. काचेच्या कारखान्यात हे बरोबर नाही, भाऊंनी नंतर चारदा सांगितलं, पण मला ते जमत नाही.

टाकीचा सांधा आम्ही पूर्ण कापून नव्याने भरला आणि आठ दिवस सुकू दिला. नवव्या दिवशी आम्ही परत बोरी अरबला. या वेळी भाऊ सोबत होते, पण त्यांनी हात मागे बांधून ठेवले होते. स्टँड मी लावला, चारही बोल्ट फिरवले, मग फळी झाडली, पुसली, तळहात फिरवून पाहिला, एकच अखंड फोम अंथरला. रिकामी टाकी मोजली. चार बोटं पाण्यावर मोजली. अर्ध्यावर मोजली, भरल्यावर मोजली. मग नाझरकाकांनी मोजली, आधी जुन्या पट्टीने आणि मग नव्या. दोन्ही पट्ट्या चांगल्या निघाल्या.

काकांनी कोरा कागद पुढे केला. "लेखी द्या."

मी कागद घेतला नाही. "आधी काकूंना विचारा."

मासे नव्या पाण्यात एका कोपऱ्यात गोळा झाले होते. काकू पाहत राहिल्या. डावीकडून पाहिलं, मग उजव्या हाताने स्वतःची हनुवटी वर उचलून पाहिलं. भाऊंनी मागे बांधलेले हात सोडून पुढे बांधले.

"सरळ," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आता लिव."

मी लिहिलं. 'टाकी चारही कोपऱ्यांस समपातळीत आहे.' सही केली. नाझरकाकांनी कागद घेतला, वाचला, पण फाइलला लावला नाही. तो त्यांनी पाटावर ठेवून पाट काकूंच्या मांडीवर ठेवला आणि त्यांच्या उजव्या हातात पेन दिलं. "कचेरीत साहेब शेवटी 'पाहिले' लिवतात," ते म्हणाले. "त्याबिगर कागद पुढं जात नाई."

काकूंना वेळ लागला. आम्ही तिघं उभे होतो. त्यांनी माझ्या सहीखाली 'पाहिले' लिहिलं आणि पेन परत दिलं.

अक्षरं जरा तिरपी आली होती. नाझरकाकांनी कागद तसाच फाइलला लावला.